गोझो : मातीला जपणाऱ्या बेटावर एक दिवस



परदेशची सहल म्हटली की उंच इमारती, झगमगणारी दुकाने आणि बर्फाचे डोंगर डोळ्यांपुढे येतात. त्यात आपल्या कामाचे काही असेल असे आपल्याला वाटत नाही. पण भूमध्य समुद्रात एक लहानसे बेट असे आहे की तिथे शेतकऱ्याच्या घरातले माणूस उतरले तर पहिल्या तासाभरातच त्याला ओळखीच्या खुणा दिसू लागतील. दगडी ताली, फड्या निवडुंगाचे कुंपण, शेळ्यामेंढ्या, मिठागरे, झऱ्यावरच्या धुण्याच्या दगडी डोण्या. या बेटाचे नाव गोझो. माल्टा या चिमुकल्या देशाचे हे दुसऱ्या क्रमांकाचे बेट.

इटलीच्या टोकाला सिसिली बेट आहे. त्याच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर माल्टा देश येतो. १९६४ पर्यंत तिथे इंग्रजांचे राज्य होते. १८७८ साली रशियाशी लढाई जुंपेल या भीतीने इंग्रज सरकारने हिंदी पलटणी मुंबईहून जहाजांनी माल्टाला नेल्या होत्या. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. म्हणजे आपल्या मुलखातली माणसे त्या किनाऱ्यावर पूर्वीच उतरून आली आहेत. अलीकडे तर भारतातली अनेक तरुण मुले-मुली तिथे नोकरीला आहेत. कुणाचा भाचा हॉटेलात, तर कुणाची लेक दवाखान्यात परिचारिका. आईवडिलांनी एकदा येऊन जावे असे अशा मुलांना वाटते. तसा योग आला तर काय पाहावे, कसे पाहावे आणि तिथून काय शिकून यावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

दोन शब्दांचे नाते

गोझोचे लोक माल्टी भाषा बोलतात. ती लिहितात इंग्रजी अक्षरांत, पण तिचे मूळ अरबीत आहे. आपल्या शेतीतले दोन मोठे शब्द, खरीप आणि रब्बी, हेही अरबीतूनच आले. अरबीत ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू आणि ‘रबी’ म्हणजे वसंत. गोझोचा शेतकरी आजही शरदाला ‘हरीफा’ आणि वसंताला ‘रेब्बिआ’ म्हणतो. तुम्ही रब्बीची ज्वारी म्हणता आणि तो रेब्बिआचे पीक म्हणतो. हजारो कोसांवरच्या दोन शेतकऱ्यांच्या तोंडी एकाच कुळातला शब्द आहे.

ऋतू मात्र उलटे आहेत. तिथे आपल्यासारखा पावसाळा नाही. पाऊस येतो तो ऑक्टोबरपासून हिवाळाभर. वर्षाकाठी सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या अवर्षणी तालुक्यांइतकाच. उन्हाळा कडक आणि कोरडा. म्हणून बेट हिरवे पाहायचे असेल तर मार्च-एप्रिल गाठावा. त्या वेळी ‘सुल्ला’ नावाचा लाल फुलांचा चारा शेतांत फुललेला असतो. हे द्विदल पीक आहे. जनावरांना वैरण मिळते आणि जमिनीला नत्रही मिळते.

खासगी वाटाड्या घ्यावा का?

माल्टातून गोझोला दिवसभराची सहल दोन प्रकारे होते. एक म्हणजे मोठ्या बसमधून, चाळीस-पन्नास माणसांबरोबर. यात पैसे कमी लागतात, पण थांबे ठरलेले असतात. दुसरी म्हणजे आपल्या कुटुंबापुरती गाडी आणि वाटाड्या घेऊन. यात पैसे जास्त लागतात. मात्र भाडे बहुधा गाडीचे आणि वाटाड्याच्या दिवसाचे असते, माणशी नसते. म्हणून पाच-सहा जण मिळून गेले की खर्चाची फोड होते.

घरात म्हातारी माणसे किंवा लहान मुले असतील तर दुसरा प्रकार सोयीचा. पण त्याचा खरा फायदा वेगळाच आहे. दिवस तुमच्या हातात राहतो. बसवाला तुम्हाला देवळे आणि दुकाने दाखवील. आपल्या वाटाड्याला मात्र तुम्ही म्हणू शकता, “बाबा, आम्ही शेतकरी माणसे. आम्हाला बांध दाखव, पाणी दाखव, मीठ कसे करतात ते दाखव.” तिथे इंग्रजी ही सरकारी भाषा आहे, त्यामुळे बरोबरच्या मुलाला किंवा मुलीला दुभाष्याचे काम सहज जमते.

ठरवताना चार गोष्टी विचारून घ्या. पहिली, गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा एकच माणूस आहे की दोन? नुसता चालक म्हणजे वाटाड्या नव्हे. माल्टात वाटाड्याला सरकारी परवाना लागतो. दुसरी, फेरीबोटीचे आणि प्राचीन देवळांचे तिकीट भाड्यात धरले आहे का? तिसरी, जेवण त्यात आहे का, आणि शाकाहारी मिळेल का? चौथी, ठरल्या वेळेहून उशीर झाला तर ताशी किती? हे बोलणे कागदावर किंवा फोनवरच्या निरोपात लेखी असावे. बैलबाजारात आपण दात पाहिल्याशिवाय बैल घेत नाही, तसेच हे.

माल्टाला जाण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. चलन २००८ पासून युरो आहे. वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात.

सकाळ : समुद्र ओलांडून

माल्टाच्या उत्तर टोकाला चिरकेव्वा नावाचा धक्का आहे. तिथून मोठी फेरीबोट निघते. गाडीसकट आत जायचे आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसायचे. सुमारे २५ मिनिटांत गोझोचे इम्जार बंदर येते. गंमत अशी की या बोटीचे तिकीट जाताना कोणी मागत नाही, परत येताना घेतात. गोझोला गेलेला माणूस याच वाटेने परत येणार हे ठरलेलेच! २०२१ पासून राजधानी व्हॅलेटाहून इम्जारला माणसांसाठी जलद बोटही जाते. तिला पाऊण तास लागतो.

वाटेत एक छोटे बेट लागते, त्याचे नाव कोमिनो. माल्टी भाषेत ‘केम्मुना’. हे नाव जिऱ्यावरून पडले. एके काळी तिथे जिरे होत असे. घरातल्या बायकांना हे सांगा, म्हणजे त्या फोडणीची आठवण काढतील.

गोझो आहे केवढे? लांबी १४ किलोमीटर, रुंदी ७. एकूण ६७ चौरस किलोमीटर. २०२१ च्या जनगणनेत तिथे सुमारे ३९ हजार माणसे होती. त्यामुळे सकाळी निघून सायंकाळी परत येणे आरामात जमते. बेटावर आपल्या रिक्षासारखी तीनचाकी वाहनेही पर्यटकांना फिरवतात.

शेतकऱ्यांनी बांधलेली देवळे

पहिला थांबा शारा गावाजवळ, जगांतियाच्या देवळांचा. ही दगडी देवळे इसवी सनापूर्वी सुमारे ३६०० वर्षांपासून बांधली गेली. म्हणजे इजिप्तच्या थोरल्या पिरॅमिडहून हजारेक वर्षांनी जुनी. काही दगड पाच मीटरहून लांब आणि पन्नास टनांहून जड आहेत. त्या काळी लोखंड नव्हते की तांबे नव्हते. गावकऱ्यांची दंतकथा अशी की एका राक्षसिणीने कडेला मूल घेऊन हे दगड वाहिले, आणि तिचा आहार काय, तर घेवड्यासारख्या बाकला शेंगांचे दाणे आणि मध! १९८० साली युनेस्कोने ही देवळे जागतिक वारशाच्या यादीत घातली.

पण तुम्ही वाटाड्याला पुढचा प्रश्न विचारा : ही देवळे बांधणारे लोक गेले कुठे? ते शेतकरीच होते. सिसिलीहून होड्यांतून गहू-सातूचे बी आणि गुरे-मेंढ्या घेऊन आलेल्या शेतकऱ्यांचे ते वंशज. केंब्रिज, बेलफास्ट आणि माल्टा येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१३ ते २०१८ या काळात इथल्या मातीचे थर, फुलांचे जुने परागकण आणि माणसांची हाडे तपासली. त्यातून एक चित्र उभे राहिले. बेटावरची झाडी लवकर तुटली आणि माती धुपू लागली. तरी या लोकांनी शेतात खत घालून, जमिनीची मशागत राखून, दीड हजार वर्षे तग धरला. पण हवामान कोरडे होत गेले, माती झिजत गेली आणि इसवी सनापूर्वी २४०० च्या सुमारास त्यांची संस्कृती संपली. पन्नास टनांचा दगड ज्यांनी उभा केला त्यांना वीतभर माती मात्र धरून ठेवता आली नाही. हे मनात ठेवून पुढे चला.

याच गावात १७२५ साली बांधलेली पवनचक्की आहे. वाऱ्यावर फिरून ती दळण दळत असे. वारा चांगला सुटला की चक्कीवाला मोठा शंख फुंकी, आणि शंख ऐकून बायाबापड्या धान्याची पोती घेऊन येत. चक्कीच्या आत जुनी अवजारे आणि दळणाऱ्याचे घर जसेच्या तसे ठेवले आहे.

ताली आणि माती

शाराहून उत्तर किनाऱ्याकडे जाताना गाडी हळू घ्यायला सांगा. दोन्ही बाजूंना माथा सपाट असलेल्या टेकड्या दिसतील, आणि त्यांच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेते. प्रत्येक पायरीला दगडी ताल आहे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बसवलेला. पाऊस पडला की पाणी दगडांच्या फटींतून झिरपून जाते आणि माती मागे राहते. आपल्या डोंगराळ भागातल्या ताली याच न्यायाने बांधलेल्या असतात.

या तालींना तिथे कायद्याचे संरक्षण आहे. १९९७ च्या नियमांनुसार जुनी ताल मनाला येईल तशी पाडता येत नाही. त्याहून मोठी गोष्ट १९७३ च्या कायद्याची. त्याचे नावच सुपीक माती रक्षणाचा कायदा. शेतजमिनीवर घर बांधायचे असेल तर आधी वरची सुपीक माती उचलून दुसऱ्या शेतात नेऊन टाकावी लागते. मातीवर काँक्रीट ओतून ती गाडून टाकणे हा गुन्हा. आपल्याकडे रस्त्याकडेच्या काळ्या जमिनीवर ढाबे आणि प्लॉट पडताना आपण रोज पाहतो. त्या मातीचे काय होते, हा विचार ही शेते पाहताना मनात आल्यावाचून राहणार नाही.

जमीन मोजायचे त्यांचे जुने माप ‘तोम्ना’. एक तोम्ना म्हणजे ११२४ चौरस मीटर, आपले सुमारे ११ गुंठे. बहुतेक शेतकऱ्यांकडे एक हेक्टरहून कमी जमीन आहे, तीही भावाभावांत वाटून तुकड्यातुकड्यांत विखुरलेली. पिके कोणती? बटाटा, टोमॅटो, कांदा, खरबूज, बाकला शेंग, द्राक्ष. बांधावर फड्या निवडुंग वाऱ्याला आडोसा म्हणून लावतात आणि त्याची लाल-पिवळी बोंडे फळ म्हणून चवीने खातात. तालीच्या फटींत केपर नावाचे झुडूप आपोआप उगवते. त्याच्या कळ्या मिठाच्या पाण्यात किंवा शिरक्यात मुरवून लोणच्यासारख्या ठेवतात.

खडकातली मिठागरे

मार्सालफोर्न गावापासून थोडे पुढे गेले की समुद्रकाठच्या मऊ खडकात कोरलेली शेकडो चौकोनी कुंडे दिसतात. ही श्वेय्नीची मिठागरे. किनाऱ्याने सुमारे तीन किलोमीटर पसरलेली आहेत. कोकणातली मिठागरे मातीच्या बांधांची असतात. इथे मात्र खडकच तासला आहे. काम उन्हाळ्यात चालते. कुंडात समुद्राचे पाणी घेतात, ऊन ते आटवते, मग मीठ झाडूने एकत्र करून ढीग लावतात. काही घराण्यांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. काठावरून पाहा, पण कुंडांतून चालू नका. खळ्यातल्या राशीवर कोणी चप्पल घालून चढले तर आपल्याला जसे वाटेल तसेच त्यांना वाटते.

दुपार : किल्ला, पेव आणि न्याहारी

बेटाच्या मध्यावर व्हिक्टोरिया हे मुख्य गाव आहे. इंग्लंडच्या राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून १८८७ साली हे नाव दिले, पण लोक अजून जुन्या नावाने ‘रबात’ म्हणतात. गावाच्या डोक्यावर किल्ला आहे. १५५१ च्या जुलैत तुर्की आरमाराने हा किल्ला घेतला आणि बेटावरची जवळजवळ सगळी माणसे, सुमारे पाच हजार, गुलाम म्हणून धरून नेली. गावेच्या गावे ओस पडली. पुढेही समुद्री लुटारूंची भीती इतकी की १६३७ पर्यंत रात्री सगळ्यांनी किल्ल्यात येऊन झोपावे असा नियम होता. दिवसा शेतात राबायचे आणि दिवस मावळायच्या आत पोराबाळांसह तटाच्या आत यायचे.

किल्ल्यात जमिनीखाली खडकात खोदलेली धान्याची पेवे आहेत, तोंड अरुंद आणि पोट मोठे. वेढा पडला तर धान्य असावे म्हणून ती केली. पुढे इंग्रजांच्या काळात त्यांत पाणी साठवू लागले. ज्यांच्या वाड्यात पेव होते त्या आजोबांना इथे सांगण्यासारखे पुष्कळ सुचेल. तटावर चढले की चारी बाजूंना समुद्रापर्यंतचे सगळे बेट एका नजरेत मावते.

जेवणाला तिथली गोल भाकरीसारखी पावरोटी ‘फ्तीरा’ मिळते. २०२० साली युनेस्कोने या परंपरेचीही नोंद घेतली. आत टोमॅटो, ऑलिव्ह, केपर आणि बहुधा मासा घालतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी “मासा नको” असे आधीच सांगावे. वाटलेल्या बाकल्याची लसूण घातलेली ‘बिगिल्ला’ आपल्याला आवडेल. मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाचे ‘जबेयना’ नावाचे छोटे गोल चीज तिथली खासियत आहे. ते विरजण्याला जनावराच्या पोटातले द्रव्य वापरलेले असू शकते, म्हणून कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

या चीजवरून एक महत्त्वाची गोष्ट. पूर्वी माल्टात शेळ्यांचे कळप दारोदार नेऊन समोर दूध काढून देत. त्याच काळी गोऱ्या सैनिकांना चढउतार करणारा, महिनोन्‌महिने न सुटणारा ताप येई. त्याला ‘माल्टा ताप’ म्हणत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ साली त्याचे जंतू शोधले. पण ते येतात कुठून हे १९०५ मध्ये माल्टाच्याच डॉ. थेमिस्टोक्लिस झाम्मित यांनी दाखवून दिले : शेळीच्या कच्च्या दुधातून. सैनिकांचे ते दूध बंद केले तशी आजाऱ्यांची संख्या झपाट्याने उतरली. हाच रोग आज ब्रुसेलोसिस म्हणून आपल्या गोठ्यांतही आहे. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. गाय-म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडली तर उघड्या हाताने वार काढू नका, पशुवैद्याला बोलवा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना याची लस टोचून घ्या.

जे आहे आणि जे उरले नाही

जेवणानंतर पश्चिमेला द्वेय्राचा किनारा पाहता येईल. जुन्या चित्रांत इथे समुद्रात उभी असलेली दगडाची मोठी कमान दिसते. ८ मार्च २०१७ रोजी वादळात ती कोसळली. काही ठिकाणी चित्रे अजून लावलेली असतात, म्हणून फसू नका. कडे, गुहेतून समुद्राला जोडलेले खाऱ्या पाण्याचे तळे आणि लाटा आजही पाहण्यासारख्या आहेत.

परतीच्या वाटेवर फोंताना गावात झऱ्याजवळ थांबा. कमानीखाली दगडी डोण्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तिथे धुणी धुतली. टेकड्यांत वर चुनखडीचा खडक आणि त्याखाली निळ्या चिकणमातीचा थर असतो. वरचे पाणी चिकणमातीवर अडते आणि कडेने झरा होऊन बाहेर पडते.

नदी मात्र एकही नाही. बेटाच्या खाली गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, ताकावर लोणी तरंगावे तसे. वरचे पाणी बोअरने फार उपसले की खालचे खारे पाणी वर चढते. तिथे नेमके हेच झाले. म्हणून आज माल्टा देशात पिण्याच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे, यंत्राने गोडे केलेले असते. त्याला विजेचा खर्च मोठा. सांडपाणी शुद्ध करून शेतीला देण्याची योजनाही चालू आहे. जुन्या घरांखाली पावसाचे पाणी साठवायचे खडकातले टाके असते. नवे लोक ते विसरले होते, आता पुन्हा आठवू लागले आहेत.

रस्त्याने घरांवरच्या पाट्या वाचा. कुठे ऑस्ट्रेलिया, कुठे अमेरिका असे लिहिलेले आढळेल. दुसऱ्या महायुद्धानंतर गोझोची हजारो माणसे पोटासाठी तिकडे गेली. परत आली त्यांनी घरांना त्या देशांची नावे दिली. मागे राहिलेल्या शेतांत काही ताली ढासळल्या आहेत. दगड बसवणारे हात कमी झाले, तसे पहिल्याच पावसात ढासळलेल्या जागेतून माती वाहू लागली. देवळे बांधणाऱ्यांवर आलेली पाळी पुन्हा येऊ नये, याची धडपड त्या बेटावर आजही चालू आहे.

येताना काय आणाल?

सायंकाळी फेरीबोटीत बसाल तेव्हा पिशवीत थोडे मीठ, केपरची बरणी आणि बायकांनी लाकडी गोट्यांवर दोरे फिरवून विणलेली लेस असेल. ते सामान काही दिवसांनी संपेल. पण एक हिशेब बरोबर आणा. वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस, नदी नाही, अकरा-अकरा गुंठ्यांचे तुकडे, तरी ते शेत आज उभे आहे ते केवळ तालीच्या आधाराने.

आणि जे कधी माल्टाला जाणार नाहीत त्यांनाही हा हिशेब लागू आहे. पुढच्या मृगाच्या आधी एक दिवस काढा, घरातल्या मुलांना बरोबर घ्या आणि आपल्याच शेताच्या बांधावरून चारी बाजूंनी फिरून या. जिथे दगड निखळला असेल तिथे तो त्याच दिवशी बसवा.